तट पडला, तिथं रस्ता झाला

डिसेंबरातल्या एका पहाटे दिल्ली दरवाजाचा फोटो काढला. चांगलं दाट धुकं होतं, समोरून एक दूधवाला मोटरसायकलवर चालला होता. फोनने फोटो आपणहून ‘सुधारला’. धुकं गेलं, दगड लख्ख झाला, दुधाच्या कॅनचा पोचासुद्धा दिसायला लागला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आत काय होतं ते कळतं. त्या प्रोग्रामच्या लेखी धुकं म्हणजे बिघाड.

कामील पिसारोला मात्र तेच हवं होतं. १८९७च्या फेब्रुवारीत, ६६व्या वर्षी, तो पॅरिसमधल्या एका हॉटेलच्या खोलीत मुक्कामाला आला. डोळ्यांचं जुनं दुखणं होतं, उघड्यावर बसून रंगवणं झेपत नव्हतं. मग खिडकीतून दिसणारा बुलेव्हार मोंमार्त्र हा एकच रस्ता त्याने १४ वेळा रंगवला. सकाळी, ढगाळ हवेत, रात्री दिव्यांच्या उजेडात. त्यातली हिवाळी सकाळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि त्यांच्या साइटवर फुकट बघता येते. झूम करून बघाच. निष्पर्ण झाडं, बग्ग्या, माणसांची गर्दी आणि चेहरा एकालाही नाही. पांढरट वाटणाऱ्या हवेत निखळ पांढरा शोधत बसलो, सापडेना.

‘बुलेव्हार’ हा शब्द मुळात तटबंदीचा. डच भाषेतल्या ‘बोलवेर्क’ म्हणजे बुरुज-तटावरून आलेला. चौदाव्या लुईने सतराव्या शतकात पॅरिसचा जुना तट पाडायला लावला आणि त्या जागी हे रुंद, झाडं लावलेले रस्ते झाले. म्हणजे पिसारो खिडकीतून बघत होता ती एका पडलेल्या भिंतीची जागा होती.

आता मुंबईला या. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात फोर्टचा तट पाडला गेला. जुनं चर्चगेट होतं तिथं १८६४मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. १९४५मध्ये सय्यद हैदर रझा नावाच्या २३ वर्षांच्या मुलाने ते भर पावसात रंगवलं. दिवसा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी आणि जोडीला जे. जे.तलं शिक्षण, अशी त्याची ओढाताण चालू होती. त्याच्या पाठीशी वॉल्टर लँगहॅमर होते. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून मुंबईत आलेले हे चित्रकार टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक होते. पॅरिसचा हिवाळा मुंबईत कुठून आणणार? रझांनी पावसाळा घेतला. बिंदूवाले रझा सगळ्यांना माहीत आहेत. मला हे भिजलेले रझा जास्त जवळचे वाटतात. १९५०मध्ये ते फ्रान्सला गेले आणि दशकानुदशकं तिथंच राहिले.

आमच्या शहराचा तट औरंगजेबाने १६८२मध्ये बांधला. ५२ दरवाजांचं शहर म्हणून आम्ही मिरवतो, पण दरवाजे ज्या भिंतीत होते तिचा विषय कुणी काढत नाही. ती बरीचशी गेली. तिच्या जागी आलेल्या रस्त्यांची, हिवाळ्यात, खिडकीत बसून काढलेली १४ सोडा, चार चित्रं तरी मला कुठं बघायला मिळाली नाहीत. फोटो आहेत, लाखो असतील. सगळे स्वच्छ.

परवा पुन्हा तिथंच चहा पीत होतो. टपरीवाल्या काकांना विचारलं, “तट कुठून जायचा हो इथं?”

त्यांनी गाळणी धरलेला हात रस्त्याकडे केला. “ह्या रिक्षा लागल्यात ना, तिथून.”