हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायर हवा का? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तिन्ही बाजूंचे रस्ते वारंगा फाट्यावर एकत्र येतात. येथे थांबून खिचडी खाल्ल्याशिवाय प्रवासी सहसा पुढे जात नाहीत. नांदेडहून परतताना एकदा आम्हीही असेच थांबलो होतो. जवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे एक स्नेही तेथे मुद्दाम भेटायला आले. त्यांच्या पिशवीत नवे कोरे हेडफोन होते.

हे शिक्षक विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन परिसरातील आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करतात. मोबाइलवर मुद्रण करायचे, मग सावकाश ऐकून एकेक शब्द वहीत उतरवायचा, असे हे काम. शब्द नीट कळावेत म्हणून त्यांनी पदरमोड करून पाठीमागून उघडे असणारे हेडफोन घेतले होते. पण फोनला जोडले तर आवाज मनासारखा येईना. कोणीतरी सल्ला दिला, ‘याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावा, आवाज एकदम खुलेल.’ अ‍ॅम्प्लिफायरची किंमत जवळजवळ हेडफोनइतकीच. ‘सर, घेऊ का?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हो किंवा नाही असे उत्तर आम्हाला तेथल्या तेथे देता आले नाही. कारण हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही, आणि प्रत्येक काळात त्याचे उत्तर बदलत आले आहे. ते का बदलले, हे पाहिले की आजचे उत्तर आपोआप सापडते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचे हेडफोन

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की हेडफोनचा पूर्वज अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा वयाने मोठा आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले. टेलिफोनच्या श्रवणीत एक चुंबक, त्याभोवती तारेचे वेटोळे आणि समोर लोखंडाची पातळ चकती असे. वेटोळ्यातील प्रवाह कमीजास्त झाला की चकती कमीजास्त ओढली जाई आणि हवा हलवी. मुंबईत १८८२ साली टेलिफोन केंद्र सुरू झाले, तेव्हा विद्युत संदेश मोठा करणारे साधन जगात कोठेच नव्हते. तारेतून येईल तेवढ्याच ऊर्जेवर ऐकायचे, अशी स्थिती होती.

रेडिओ आला तेव्हाही हीच अडचण होती. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग करून विद्युतचुंबकीय लहरी ओळखणारे साधन बनवले. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. पुढे अशाच स्फटिकावर चालणारे ‘क्रिस्टल सेट’ लोकप्रिय झाले. क्रिस्टल सेटला बॅटरी लागत नाही. एरियलने हवेतून जी ऊर्जा पकडली, तिच्यावरच हेडफोन हलतो. ही ऊर्जा अत्यंत अल्प असते.

मग एवढ्याशा ऊर्जेवर आवाज कसा काढायचा? कारागिरांनी हेडफोनच सुधारला. केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे वेटोळ्यात गुंडाळले, म्हणजे थोड्या प्रवाहातही चुंबकीय परिणाम पुरेसा मिळे. तार लांब आणि बारीक, म्हणून तिचा रोध मोठा. त्या काळच्या हेडफोनवर २००० किंवा ४००० ओहम असे आकडे सर्रास दिसत. अमेरिकेतील यूटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून असाच फार संवेदनशील हेडफोन तयार केला आणि १९१० साली तो अमेरिकी नौदलाने घेतला. अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, म्हणून हेडफोन संवेदनशील झाला.

मुंबई केंद्र आणि दूरचा श्रोता

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन विद्युत अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला. तो दुबळा संदेश मोठा करू शकतो, हे १९१२ च्या सुमारास नीट उमगले. येथून अ‍ॅम्प्लिफायरचा, म्हणजे विवर्धकाचा इतिहास सुरू होतो.

आपल्याकडे जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण केले. त्यानंतर २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. प्रक्षेपकाची शक्ती होती अवघी दीड किलोवॅट. रेडिओ ठेवायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे. श्रोते मोजकेच मिळाले आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बंद पडली.

आता त्या काळच्या दोन श्रोत्यांची कल्पना करू. एक गिरगावात राहणारा, दुसरा आजच्या वारंगा फाट्याच्या परिसरातला. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुंबईपासून सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास दूर. गिरगावकराला क्रिस्टल सेट आणि हेडफोन पुरे. केंद्र जवळ असल्याने त्याला स्वच्छ ऐकू येईल. त्याने व्हॉल्व्हचा सेट घेतला तर आवाज मोठा होईल, पण अधिक स्वच्छ होईलच असे नाही. दुसऱ्या श्रोत्याला मात्र क्रिस्टल सेटवर काहीच ऐकू येणार नाही. त्याच्यासाठी विवर्धन म्हणजे ऐकू येणे आणि न येणे यांतला फरक.

हेडफोन एकच, अ‍ॅम्प्लिफायरही एकच. पण एकाला तो अनावश्यक, दुसऱ्याला अपरिहार्य. म्हणजे प्रश्न ‘अ‍ॅम्प्लिफायर चांगला का?’ असा नव्हताच. येणारी ऊर्जा आणि लागणारी ऊर्जा यांत तूट आहे का, हा खरा प्रश्न होता.

ओहमचा आकडा खाली का आला?

१९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा ध्वनिक्षेपक आणि तो चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. पुढे घरोघरच्या रेडिओतून कुटुंब एकत्र ऐकू लागले आणि हेडफोन मागे पडला. तो संगीतासाठी परत आला तो अमेरिकेत जॉन कॉस यांनी १९५८ साली आणलेल्या स्टीरिओ हेडफोनमुळे.

१९६८ साली जर्मनीतील सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा हेडफोन काढला. यात कानावरच्या कपाची पाठ उघडी होती. बंद कपात पडद्यामागची हवा कोंडली जाते आणि आवाज आतल्या आत परावर्तित होतो. पाठ उघडी ठेवली की मागचा आवाज बाहेर निघून जातो आणि ऐकणे मोकळे, हलके वाटते. त्याची किंमतही मोजावी लागते. बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपले गाणे शेजाऱ्याला ऐकू जाते. या हेडफोनचा संरोध होता २००० ओहम. तो घरातल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांना जोडायचा असल्याने व्होल्टेजची वाण नव्हती.

मग १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला. तो दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे अवघ्या ३ व्होल्टवर चाले. येथे गणित उलटले. वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे ते गणित असे: व्होल्टच्या वर्गाला ओहमने भागले की वॅट मिळतात. १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारे ३.३ मिलिवॅट आणि २००० ओहमच्या हेडफोनला फक्त अर्धा मिलिवॅट. म्हणून खिशातल्या यंत्रांसाठी कमी ओहमचे हेडफोन आले, आणि जास्त ओहमचे हेडफोन अशा यंत्रांना जोडणाऱ्यांना वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज भासू लागली.

वॉकमनमध्ये काय किंवा आजच्या मोबाइलमध्ये काय, अ‍ॅम्प्लिफायर असतोच. आपण बाहेरून जोडतो तो दुसरा. पहिला अपुरा पडत असेल, तरच दुसऱ्याला काम आहे.

तूट मोजायची कशी?

आमच्या मित्राच्या हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले होते: ३०० ओहम, आणि १ मिलिवॅटला ९८ डेसिबेल. फोनमधून अर्धा व्होल्ट मिळतो असे धरू. ०.५ चा वर्ग ०.२५, भागिले ३००, म्हणजे सुमारे ०.८ मिलिवॅट. आवाज होईल सुमारे ९७ डेसिबेल. हा आवाज लहान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ डेसिबेलला २० तास. विद्यार्थ्यांच्या हाती अ‍ॅम्प्लिफायर देण्यापूर्वी हा हिशेब त्यांना अवश्य करायला लावावा. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरमुळे आवाजाचा पोत बदलण्याचे आणखी एक कारण असते. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा अंतर्गत संरोध असतो. हेडफोनचा संरोध सर्व वारंवारतांना सारखा नसतो. खर्जाच्या एका पट्ट्यात तो बराच वाढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत संरोध मोठा असेल, तर त्या पट्ट्यात हेडफोनच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते आणि खर्ज फुगतो. काहींना ते आवडते. पण त्याला सुधारणा म्हणता येणार नाही, तो बदल आहे.

तरीही ‘आवाज खुलला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज विशेष कमी ऐकू येतो. आवाज थोडा वाढवला की खर्ज भरतो आणि सगळेच भरदार वाटते. अ‍ॅम्प्लिफायर जोडताना आवाज किंचित जरी वाढला, तरी कान त्यालाच सुधारणा समजतो.

शाळेतली चाचणी

पुढच्या खेपेस आम्ही ओळखीच्यांकडून एक अ‍ॅम्प्लिफायर उसना घेऊन त्यांच्या शाळेत गेलो. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर पुरेसा होता. फोनवर २०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावून हेडफोनच्या दोन टोकांमधील प्रत्यावर्ती व्होल्टेज मोजले. प्रथम नुसता फोन, मग अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही वेळा आकडा सारखा येईल अशी अ‍ॅम्प्लिफायरची कळ फिरवून ठेवली. शेकडा एकदोनपेक्षा जास्त फरक राहू द्यायचा नाही. मग ऐकणाऱ्याने पाठ करून बसायचे, एका विद्यार्थ्याने नाणे उडवून जोडणी ठरवायची, दुसऱ्याने नोंद ठेवायची. असे दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे सुमारे अठरात एक. हे गणित मुलांनीच करून दाखवले.

पातळी सारखी करण्यापूर्वी सगळ्यांनी अ‍ॅम्प्लिफायरलाच कौल दिला होता. पातळी सारखी केल्यावर मात्र कोणालाही दोन्हींतला फरक खात्रीने ओळखता आला नाही. शिक्षक काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘सर, पण माझ्या ओव्या तर हळूच ऐकू येतात की!’

ते खरे होते. बाजारातली गाणी फोनवर पुरेशी मोठी वाजत होती, ओव्या वाजत नव्हत्या. म्हणजे तूट फोन आणि हेडफोनच्या मध्ये नव्हती. ती त्याआधीच पडली होती. ओवी म्हणणारी आजी जात्यापाशी आणि फोन दीड मीटर लांब, खाटेवर. अ‍ॅम्प्लिफायर लावला तर आजीच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे ट्रकही तेवढेच मोठे होणार. याउलट फोन जवळ नेला, तर अंतर निम्मे करताच आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो. १६० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आलो, तर अंतर तीनदा निम्मे होते. म्हणजे सुमारे १८ डेसिबेलचा लाभ, आणि पंख्याचा आवाज होता तेवढाच राहतो.

अ‍ॅम्प्लिफायर आम्ही परत केला. शिक्षकांनी त्या पैशांतील थोडे खर्चून पदराला अडकवता येईल असा छोटा मायक्रोफोन घेतला आणि जुन्या यादीतल्या घरी ते पुन्हा जाऊ लागले. ज्यांचे मुद्रण अगदीच क्षीण होते, अशा दोन आजी तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या आता आहेत तशाच, घरघरीतून, कान देऊन ऐकाव्या लागतात.