दर्या, दऱ्या आणि न्यायालयातला संगणक

रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जुन्या दाव्याच्या नकलेसाठी खेटे घालणाऱ्या पक्षकाराचे लक्ष तिथल्या संगणकाकडे सहसा जात नाही. त्याला पुढची तारीख हवी असते, नाहीतर रोजनाम्याची नक्कल. पण आपल्याकडच्या सरकारी कामकाजातले एक मोठे स्थित्यंतर याच टेबलांवर घडले आणि त्याचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स घराण्यातली मुक्तस्रोत प्रणाली निवडण्यात आली. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, राजापूर इथली न्यायालयेही याच योजनेत आली.

सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती २००४ च्या अखेरीस स्थापन झाली. २००७ मध्ये ई-न्यायालय प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याला केंद्राची मंजुरी मिळाली. चौदा हजारांहून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना उबुंटूचे प्रशिक्षण देण्यात आले. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’ एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्तस्रोत साधनांवर घडवली. आज आपण घरबसल्या मोबाईलवर दाव्याची तारीख पाहतो, ती याच नोंदींतून येते.

या निर्णयाचे कौतुक करताना परवान्यांचे वाचलेले पैसे सांगितले जातात. ते खरेच आहे. पण मी गेली अनेक वर्षे कोकणातील जुनी कागदपत्रे वाचत आलो आहे, त्यामुळे मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ती आहे अक्षरांची.

देवनागरी आणि यंत्र यांचे भांडण जुने आहे. जोडाक्षरांमुळे छापखान्यात खिळ्यांचे शेकडो नमुने लागत. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी ही संख्या कमी करण्यासाठी खटपट केली. १९२४ ते १९३७ या काळात याच गावात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि ‘अ’ची बाराखडी पुढे आणली. दोघांच्या दृष्टीत फरक होता, तरी प्रश्न एकच होता : यंत्रासाठी लिपीने किती वाकायचे?

संगणक आल्यावर उत्तराची सुरुवात चांगली झाली होती. १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा समान कळफलक ठरला. १९८८ मध्ये ‘इस्की’ ही संकेतावली आली. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले. १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही ‘इस्की’वरच बेतलेली आहे. तरीही कचेऱ्यांतून आणि छापखान्यांतून रुळले ते वेगळेच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट आले. पडद्यावर ‘क’ दिसे, पण फाईलमध्ये साठवले जाई एखादे रोमन अक्षर. प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. काही पॅकेजेस तर संगणकाला मागून कुलपासारखी एक डबी जोडल्याशिवाय चालत नसत. फॉन्ट नसला की फाईल उघडे, पण समोर येई ती रोमन अक्षरांची खिचडी.

ही पॅकेजेस विंडोजवर बेतलेली होती. म्हणून उबुंटू आल्यावर जुनी वाट आपोआप बंद झाली. युनिकोड विंडोजवरही होता, हे मान्यच आहे. २००० पासून तिथेही देवनागरीची सोय होती. पण जुने चालत असेपर्यंत नवे कोण शिकतो? लिनक्सवर तो पर्यायच नव्हता.

लिनक्सवर मराठी नीट दिसावी यासाठी मात्र बरीच मेहनत लागली. २००० च्या सुमारास मुंबईत ‘इंडलिनक्स’चे काम सुरू झाले. रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे फॉन्ट मुक्त परवान्याने दिले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावातली लाल टोपी त्यात आहे. मराठीच्या गरजा हिंदीहून वेगळ्या आहेत. आपला ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाचे. आपल्याला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवावा लागतो. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री असलेल्या जिल्ह्यात हा फरक चैनीचा म्हणता येणार नाही! मुक्तस्रोताचा लाभ इथे दिसतो. दोष दिसला तर तो दुरुस्त करण्यासाठी कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नाही. जाणकार माणूस स्वतः दुरुस्ती सुचवू शकतो. अक्षरे जुळवणारा ‘हार्फबझ’ हा मुक्तस्रोत घटक आज अँड्रॉइड फोनमध्येही आहे. म्हणजे वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या खिशात हे काम पोचले आहे.

बदल सुखाचा असतो असे मी म्हणत नाही. टंकलेखन यंत्रावर बोटे बसलेल्या माणसाला इन्स्क्रिप्ट परके वाटते. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. माझ्या मते, आपल्या न्यायालयांत बदल टिकण्यास एक कारण उपयोगी पडले : रोजचे मुख्य कामच नव्या प्रणालीवर उभे केले गेले. नुसती प्रणाली बदलून काम जुन्याच सॉफ्टवेअरवर ठेवले, तर माणूस पहिल्या अडचणीला मागे फिरतो.

आता हा प्रश्न इतर कचेऱ्यांच्याही दारात आला आहे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अनेक पतपेढ्या, वाचनालये, शिक्षणसंस्था जुने संगणक मोडीत काढतील. त्यांच्यासोबत जुन्या फॉन्टमधली इतिवृत्ते, सभासद-नोंदी, स्मरणिकांचा मजकूरही जाईल. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोतीचे मोडी कागद वाचणारा माणूस आजही सापडतो, आणि वहिवाटीच्या वादात ते कागद उपयोगी पडतात. एका स्थानिक संस्थेची १९९८ ची इतिवृत्ते माझ्यासमोर आली, तेव्हा फाईल शाबूत होती. ती दाखवणारा फॉन्ट कुणाकडे नव्हता. दीडशे वर्षांचा कागद बोलतो आणि पंचवीस वर्षांची फाईल मुकी होते, ही स्थिती इतिहासाच्या अभ्यासकाला तरी परवडणारी नाही.

म्हणून संगणक भंगारात देण्याआधी एवढे करावे : जुना फॉन्ट ज्या यंत्रावर चालतो, त्याच यंत्रावर प्रत्येक फाईल छापून घ्यावी, मग मजकूर युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ओळ न ओळ ताडून पाहावा. रूपांतरात सगळ्यात आधी बिघडतात ती जोडाक्षरे. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर तो यंत्राला कळणार नाही. तिथे मराठी वाचणारा माणूसच बसवावा लागेल.