स्वारगेटचा सल्ला

पुण्यात स्वारगेट कोपऱ्यालगत, टिळक रस्त्यावर ज्याचे कार्यालय आहे, त्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापार संघटनेची स्थापना १९३४ साली आ. रा. भट यांच्या पुढाकाराने झाली आणि तज्ज्ञ पदरी ठेवणे न परवडणाऱ्या लघुउद्योजकांना मार्गदर्शनासाठी एक हक्काचे ठिकाण मिळाले. मात्र सर्वच उद्योगांचा भार वाहणाऱ्या संस्थेला एकाच विषयाच्या खोलात शिरणे अवघड असते. त्यासाठी विशेष सल्लागार संस्था लागतात. १९८२ मध्ये आयसीआयसीआय, आयडीबीआय आदी वित्तसंस्थांनी पुण्यातच उभारलेली ‘मिटकॉन’ ही त्यांपैकी एक. साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती, म्हणजे उसाचे चिपाड जाळून मिळालेल्या वाफेवर वीज तयार करणे, त्या वाफेवर व विजेवर कारखाना चालवणे आणि उरलेली वीज विकणे, हे तिच्या कामाचे एक ठळक क्षेत्र ठरले. अशा कामात संस्थेच्या आकारापेक्षा विषयाची जाणच कारखान्याला अधिक उपयोगी पडते.