ओझें किती, बळ किती ?



माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत एक लहानसा वाद झाला. घरांत एकच लॅपटॉप घ्यावयाचा होता. कर्ते गृहस्थ म्हणाले, तो रोज कचेरींत न्यावयाचा, तेव्हां हलका हवा. मुलगी वास्तुशास्त्र शिकते. ती म्हणाली, माझीं रेखाचित्रें त्यावर झरझर उघडलीं पाहिजेत, तेव्हां तो बळकट हवा. गृहिणींचें म्हणणें असें कीं, तो भिंतींतल्या विजेला सदा बांधलेला नसावा. तिघांचेंहि म्हणणें रास्त होतें, आणि म्हणूनच निर्णय होईना. मला मात्र असें वाटलें कीं, हा वाद त्या दिवाणखान्यांत सुरू झालेला नव्हे. तो पन्नास वर्षांचा जुना आहे, आणि लॅपटॉपचा सारा इतिहास म्हणजे याच वादाचा इतिहास होय. तोच आज आपणांस थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे. कारण विकत घेणाऱ्यास दुकानदारापेक्षां इतिहासाचा सल्ला पुष्कळदां अधिक उपयोगी पडतो.

सन १९४६ त अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत एनिॲक हा संगणक जगापुढें आला. त्याचें वजन सुमारें ३० टन, आणि त्याच्या पोटांत सुमारें १८ हजार निर्वात नळ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं सुरू केलेला टिफ्रॅक हाहि असाच दालन व्यापणारा होता. माणसानें यंत्राकडे जावें, यंत्र माणसाकडे यावयाचें नाहीं, असा त्या काळचा दंडक. हा दंडक ज्यांनीं मनांतल्या मनांत प्रथम मोडला, त्यांत ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाचें नांव घ्यावें लागतें. १९६८ च्या सुमारास त्यानें पुठ्ठ्याची एक पेटी केली आणि तींत शिशाच्या गोळ्या ओतून, किती ओझें माणूस सहज वागवूं शकेल, याचा अंदाज घेतला. यंत्र अद्याप स्वप्नांत, पण त्याचें वजन मात्र हातांत ! पुढें १९७२ सालच्या एका निबंधांत त्यानें आपल्या 'डायनाबुक'चें माप सांगितलें : आकार वहीएवढा, वजन ४ पौंडांहून कमी, म्हणजे १.८ किलोच्या आंत, आणि किंमत ५०० डॉलरांच्या आसपास. विशेष हें कीं, ही वही त्यानें मुलांसाठीं योजली होती. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं या. शेवटीं तिच्याकडे परत यावयाचें आहे.

असें यंत्र त्या काळीं बनविणें शक्यच नव्हतें. शक्य झालें तें निराळेंच. १९८१ च्या एप्रिलांत सॅन फ्रान्सिस्को येथील संगणकांच्या मेळ्यांत ॲडम ऑस्बोर्न यानें 'ऑस्बोर्न १' हें यंत्र मांडलें. या गृहस्थाविषयीं आपणांस कुतूहल वाटावें असें एक कारण आहे. त्याचा जन्म १९३९ सालीं बँकॉक येथें झाला असला, तरी त्याचें बालपण तामिळ मुलखांत गेलें. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमणमहर्षींचे भक्त व चरित्रकार, आणि कुटुंब तिरुवण्णामलैस राहिलेलें. पुढें २००३ सालीं कोडाइकनाल येथेंच ॲडमचा अंत झाला. त्याचें यंत्र सुमारें ११ किलोंचें. दिसावयास शिवणयंत्राच्या पेटीसारखें. विमानांतल्या आसनाखालीं तें मावत असे. पडदा मात्र ५ इंची, म्हणजे पोस्टकार्डाहूनहि लहान. त्यावर एका ओळींत ५२ अक्षरें दिसत. आंत बॅटरी नव्हती. जेथें जावें तेथें प्रथम विजेचें भोंक शोधावें. परंतु १,७९५ डॉलरांत पत्रें लिहिण्याचा आणि हिशेब मांडण्याचा प्रोग्रॅमहि बरोबर मिळे, आणि लोक त्यावर तुटून पडले. पुढच्याच वर्षीं ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीनें जाहीर केलेलें यंत्र तर १२ किलोंहून जड. तरीहि विक्रीच्या पहिल्या वर्षीं तीं ५३ हजार खपलीं, कारण आय. बी. एम. च्या संगणकासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम त्यांवर चालत. यावरून एक गोष्ट उघड होते. आपलें नेहमींचें काम ज्यावर होतें, त्याचें ओझें माणूस कुरकुरत कां होईना, पण उचलतो.

नाण्याची दुसरी बाजूहि त्याच वेळीं दिसूं लागली होती. जपानच्या एप्सन कंपनीचें एच्. एक्स्. २० हें यंत्र केवळ १.६ किलोंचें, तें एकदां विजेनें भरलें कीं सुमारें पन्नास तास चाले, आणि त्यांत छोटें छपाईयंत्रहि होतें. परंतु त्याच्या पडद्यावर २० अक्षरांच्या चारच ओळी मावत. १९८३ त आलेलें टी. आर्. एस्. ८० मॉडेल १०० हें यंत्र साध्या चार सेलांवर वीसेक तास चाले, पण पडद्यावर ओळी आठ. वृत्तपत्रांच्या बातमीदारांना तें अतिशय आवडलें. कारण बातमीदाराचें काम शब्दांचें, आणि शब्दांना फारसें बळ लागत नाहीं. याउलट १९८२ चें ग्रिड कंपास पाहा. आज आपण ज्या आकाराला लॅपटॉप म्हणतों, पानाच्या डब्यासारखा उघडणारा व मिटणारा, तो बिल मॉग्रिज या इंग्रज कल्पकानें या यंत्रांत साधला. वजन सुमारें ५ किलो, कवच मॅग्नेशियमचें, आणि बळ भरपूर. किंमत मात्र ८,१५० डॉलर ! तें सरकारी खात्यांनीं घेतलें, अवकाशयानांतूनहि गेलें. गृहस्थाच्या घरीं मात्र पोंचलें नाहीं.

म्हणजे दहा किलोंचें बळ किंवा चार ओळींचा हलकेपणा, असा हा पेंच होता. तो कां पडला, हें समजून घेणें अवश्य आहे, कारण तो आजहि पुरता सुटलेला नाहीं. संगणकाच्या चिपांत जी वीज खर्च होते, ती वेगाच्या प्रमाणांत वाढते, आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, वेग दुप्पट केला आणि त्यासाठीं व्होल्टता सव्वापट करावी लागली, तर विजेचा खर्च दुपटीवर थांबत नाहीं. तो तिपटीच्याहि वर जातो. ही सारी वीज शेवटीं उष्णता होते. उष्णता बाहेर काढावयास धातूच्या नळ्या आणि पंखा हवा, वीज पुरवावयास मोठी बॅटरी हवी. आणि दोहोंचेंहि वजन होतें. बळ स्वतः जड नसतें. त्याचा परिवार जड असतो.

या परिवाराची गंमत १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्यें दिसली. बॅटरी दहा तासांपर्यंत टिकावी म्हणून ती शिशाची व आम्लाची घातली, मोटारींत असते त्या जातीची. आणि यंत्र झालें ७ किलोंचें. एकवीस वर्षांपूर्वीं ॲलन के यानें पुठ्ठ्याच्या पेटींत जें शिसें ओतलें होतें, तेंच जणूं खरें होऊन परत आलें. सुदैवानें १९९१ सालीं दोन गोष्टी घडल्या. सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारांत आणली. जिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तीच ही बॅटरी. त्याच वर्षीं ॲपलच्या पॉवरबुकांत कळफलक मागें सरकवून पुढें मनगटें टेकावयास जागा ठेवली गेली. सव्वादोन किलोंच्या त्या यंत्राची ठेवण आज सर्वत्र रूढ आहे.

येथें मराठी लिहिणाऱ्यांची एक आठवण सांगितली पाहिजे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें जन्मलेलें आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत १९८८ नंतर वाढलेलें जिस्ट तंत्र देवनागरी अक्षरें पडद्यावर आणी. पण त्यासाठीं संगणकाच्या पोटांत एक वेगळें कार्ड बसवावें लागे. म्हणजे यंत्र हलकें झालें, तरी आपली लिपि मेजावरच राहिली. पुढें युनिकोडची पद्धत रुजली, २००० सालच्या विंडोजमध्यें देवनागरीची सोय आली, आणि तेव्हां कोठें मराठी माणसाची अक्षरें त्याच्याबरोबर प्रवासाला निघालीं. वजनाच्या हिशेबांत ही गोष्ट कोणी धरीत नाहीं. आपण धरली पाहिजे.

बळ व ओझें यांचा खरा समेट मात्र एका आडवाटेनें झाला. १९८५ च्या एप्रिलांत इंग्लंडमध्यें केंब्रिजच्या एकॉर्न कंपनींत एआरएम् नांवाची एक साधी, लहान चिप प्रथम चालू झाली. तिला किती वीज लागते हें मोजावयास गेले, तों मापक शून्य दाखवूं लागला. शोध घेतां असें आढळलें कीं, चिपेला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती बिनतक्रार काम करीत होती! हा मितव्यय पुढें खिशांतल्या दूरध्वनींच्या कामीं आला, आणि तेथें पुष्कळ वर्षें तालीम घेऊन तीच जात लॅपटॉपांत परतली. २००८ सालीं १.३६ किलोंचा मॅकबुक एअर लिफाफ्यांतून काढून दाखविला गेला, तेव्हां त्याच्या सडपातळपणाचें कौतुक झालें, पण त्याचें बळ बेताचें होतें. २०२० च्या नोव्हेंबरांत आलेल्या १.२९ किलोंच्या मॅकबुक एअरमध्यें एआरएम् जातीची चिप होती आणि पंखा नव्हता. तरी बळांत तो पुष्कळ जड यंत्रांस भारी ठरला. तेव्हांपासून ओझें व बळ यांचें जुनें वैर पुष्कळच निवळलें आहे.

निवळलें आहे, संपलेलें नाहीं. पातळ यंत्र तापलें कीं स्वतःच वेग कमी करतें. म्हणून पहिल्या मिनिटाचा वेग आणि तासाभरानंतरचा वेग एक नसतो. विमानांत १०० वॉट-तासांहून मोठी बॅटरी खास परवानगीवांचून नेतां येत नाहीं, तेव्हां बॅटरीलाहि छत आहे. आणि माणसाचीं बोटें व डोळे कांहीं आखूड होत नाहींत. मग इतिहास आपणांस काय सांगतो ? ऑस्बोर्नची पेटी सांगते कीं, यंत्राबरोबर त्याच्या वीज भरण्याच्या सामानाचेंहि वजन करा. कॉम्पॅक सांगतें कीं, रोज लागणारा प्रोग्रॅम ज्यावर चालत नाहीं, त्याचा हलकेपणा व्यर्थ. बातमीदाराचें मॉडेल १०० सांगतें कीं, वर्षांतून एकदां लागणाऱ्या बळासाठीं बाकीचे दिवस ओझें वाहूं नका. पुष्कळशा पातळ यंत्रांत स्मृतीची चिप कायमची जोडलेली असते, मागाहून वाढवितां येत नाहीं. तेव्हां तेथें हात आंखडूं नये. आणि शेवटची शिकवण ऑस्बोर्नच्या कंपनीची. तिनें १९८३ त आपल्या पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राचा बोलबाला केला. गिऱ्हाइकें वाट पाहात बसलीं, प्रतिस्पर्धी पुढें गेले, आणि सप्टेंबरांत कंपनी दिवाळखोरींत निघाली. पुढचें यंत्र नेहमींच अधिक चांगलें असतें. त्याची वाट पाहाणाऱ्याच्या हातीं काम मात्र कालचेंच राहातें.

आतां त्या मुलांच्या वहीकडे वळूं. ॲलन के यानें जी मुलांसाठीं कल्पिली, ती चाळीस-पन्नास वर्षें प्रथम अधिकाऱ्याच्या, फिरत्या विक्रेत्याच्या आणि कचेरीच्या हातीं राहिली. कारण पैसा त्यांच्याकडे होता. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली आणि शाळा व कचेरी एकाच दिवशीं घरांत शिरल्या. सकाळीं दहा वाजतां वडिलांची बैठक, दहाच वाजतां मुलीचा वर्ग, आणि घरांत यंत्र एक ! त्या वेळीं ज्या घरीं मुलीनें यंत्र सोडलें, त्या घरीं तिचा तास बुडाला. तो तास कोणत्याहि किलोंत वा डॉलरांत मोजतां येत नाहीं.

माझ्या स्नेह्यांनीं अखेर काय केलें, हें सांगून संपवितों. त्यांनीं दीड किलोच्या आंतला एक लॅपटॉप घेतला, आणि वांचलेल्या पैशांतून घरासाठीं एक मोठा पडदा घेतला. मुलीचीं फार अवजड रेखाचित्रें महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत होतात. बाकीचीं ती घरीं त्या पडद्यावर काढते. पण खरा निर्णय निराळाच होता. संध्याकाळीं सातनंतर तें यंत्र मुलीचें, कचेरीचें नव्हे, असें त्यांनीं ठरविलें. जें यंत्र सहज घरीं येतें, त्याच्याबरोबर कचेरीहि सहज घरीं येते; आणि तें ओझें तराजूंत दिसत नाहीं. लॅपटॉप निवडतांना आपण वजन विचारावें, बळ विचारावें, तास विचारावे. परंतु घरांत तो कोणाचा व्हावयाचा, हेंहि आधींच विचारून ठेवावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.