कुंपणाचा खांब: काटीपासून फोमपर्यंत



मोबाईलवर सध्या एक व्हिडिओ फार फिरतोय. अमेरिकेतला एक माणूस गड्ड्यात लाकडी खांब उभा करतो, हातातली प्लास्टिकची पिशवी जोरजोरात घुसळतो आणि आतलं पातळ द्रावण खांबाभोवती ओततो. बघता बघता फेस फुगून गड्डा काठोकाठ भरतो. तीन मिनिटांत खांब घट्ट. गिट्टी नाही, रेती नाही, पाण्याचा ड्रम नाही. हा व्हिडिओ पाहून गावातल्या चार-पाच जणांनी विचारलं, आपल्याकडे हे जमेल का? एका प्रदर्शनात तर विक्रेत्यानं छातीठोक सांगितलं की काळ्या मातीतही दहा वर्षं खांब हलणार नाही.

रानडुकरं आणि रोह्यांमुळे कुंपणावर खर्च केल्याशिवाय आता तूर-हरभरा घरात येत नाही. एकदा कुंपण पडलं की एका रात्रीत एकराचा चुराडा होतो. म्हणून या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देत नाही. ही वस्तू कुठून आली, कुणासाठी झाली, ते आधी पाहू. मग आपल्या धुऱ्यावर ती चालेल का हे आपोआप कळतं.

पहिली गोष्ट, जुन्या कुंपणाला खांबच नव्हता. बोराटी, बाभळीची काटी, निवडुंग, घायपात, शेर. एकतर वाळलेली काटी रचायची, नाहीतर जिवंत झाड लावायचं. जिवंत कुंपण आपल्या मुळांवर उभं राहतं, त्याला धरायला दुसरं काही लागत नाही.

यातलं सगळ्यात मोठं कुंपण आपल्याच देशात होऊन गेलं, आणि ते पिकासाठी नव्हतं. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या मधोमध जकातीची रेषा आखली होती. 1869 च्या सुमारास तिची लांबी 2300 मैल, म्हणजे 3700 किलोमीटर, आणि राखायला जवळपास बारा हजार माणसं. त्यातला मोठा भाग काटेरी कुंपणाचा. वर पंजाबातून ते खाली बुऱ्हाणपूरपर्यंत येत होतं, म्हणजे आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यापर्यंत. 1867 ते 1870 या काळात या खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. 1885 मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.

मला ह्यूमसाहेबांचं राजकारण बाजूला ठेवून त्यांची शेतकी बघायला आवडते. त्यांच्या लक्षात आलं की वाळलेल्या काटीचं कुंपण परवडत नाही. मैलाला 250 टन काटी लागायची, तीही कोसावरून वाहून आणायची. त्यात वाळवी लागणार, उंदीर पोखरणार, वणव्यात जळणार, वादळात उडणार. म्हणून त्यांनी जिवंत कुंपणावर भर दिला: बाभूळ, करवंद, बोर, निवडुंग, थोर. जिथं माती हलकी होती तिथं चर खणून चांगली माती भरली, जिथं पाणी साचायचं तिथं बांध घालून उंचावर लावण केली. एखादा माणूस अंगाला न खरचटता जाऊ शकणार नाही असं दहा-बारा फूट उंच कुंपण झालं. 1879 मध्ये सरकारनंच ती रेषा बंद केली आणि कुंपण उजाड झालं, लोकांनी सरपणाला नेलं. मिठासाठी गरिबाला किती त्रास झाला तो वेगळा विषय आहे, पण जमीन पाहून कुंपण बदलायचं हे त्या खात्याला कळलं होतं.

त्याच वेळी अमेरिकेच्या मधल्या भागात, इलिनॉय राज्यात, शेतकरी ओसेज ऑरेंज नावाचं काटेरी झाड लावत होते. कुंपण कसं असावं याबद्दल त्यांची एक म्हण होती: घोड्याला उडी मारता येऊ नये इतकं उंच, बैलाला रेटता येऊ नये इतकं बळकट आणि डुकराला शिरता येऊ नये इतकं दाट. डुकराचा त्रास तिकडेही होताच. पण झाड मोठं व्हायला चार-पाच वर्षं लागायची आणि पुढे पश्चिमेकडच्या माळावर तर लाकूडही नाही, दगडही नाही.

1873 मध्ये डिकाल्ब गावच्या जत्रेत हेन्री रोझ नावाच्या शेतकऱ्यानं लाकडी पट्टीला टोकदार खिळे ठोकून केलेलं कुंपण मांडलं होतं. ते तिघांनी पाहिलं: जोसेफ ग्लिडन, जेकब हेश आणि आयझॅक एलवुड. ग्लिडन स्वतः शेतकरी. काटा तारेवरून सरकू नये म्हणून त्यानं दुसरी तार पिळून बसवली. 24 नोव्हेंबर 1874 ला पेटंट मिळालं. काटे वळवायला त्यानं घरातली कॉफी दळायची चक्की वापरली असं सांगतात. 1874 मध्ये अशी काटेरी तार दहा हजार पौंड विकली गेली होती, 1880 मध्ये आठ कोटी पौंडांवर गेली. टेक्सासमध्ये मोठ्या मालकांनी पाणवठे तारेत घेतले, लहान पशुपालक रात्री तारा तोडू लागले, गोळ्या चालल्या. शेवटी 1884 मध्ये तिथल्या विधिमंडळानं कुंपण तोडणं हा गंभीर गुन्हा ठरवला. धुऱ्यावरून डोकी फुटणं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

आता इथं नीट लक्ष द्या. तार आली आणि खांबाचा प्रश्न जन्माला आला. तार स्वतः उभी राहत नाही, ती सगळा ताण खांबावर टाकते, आणि त्यातही कोपऱ्याच्या खांबावर. मधल्या खांबाला दोन्ही बाजूंनी सारखी ओढ असते, त्यामुळे तो फक्त तार उचलून धरतो. कोपऱ्याचा खांब मात्र रात्रंदिवस आत ओढला जातो. कुंपण पडतं ते बहुतेक कोपऱ्यापासूनच.

अमेरिकेत सुरुवातीचे खांब लाकडी. ओसेज ऑरेंजचं लाकूड लवकर कुजत नाही, म्हणून जिवंत कुंपणं तोडून त्याचेच खांब झाले. गड्डा खणायचा, खांब ठेवायचा, माती थराथरानं टाकून कुटायची. मैलोन्‌मैल कुंपण असंच उभं राहिलं, सिमेंटचा कण न घालता. पुढे लोखंडी खांब आले, तेही जमिनीत ठोकूनच बसवले जातात. 1930 च्या दशकात न्यूझीलंडच्या बिल गॅलाघर यांनी विजेच्या झटक्याचं कुंपण बाजारात आणलं, त्यात तर जनावर तारेला रेटतच नाही, त्यामुळे खांब हलके झाले तरी चालू लागलं. आपली सोलर झटका मशीन त्याच वंशातली.

मग काँक्रीट कुठून आलं? पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यानं 1824 मध्ये घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकूड महाग झालं तसे काँक्रीटचे खांब ओतायला सुरुवात झाली, आणि खांबाचा बुंधाही काँक्रीटमध्ये बसवायची पद्धत रुळली. शेतापेक्षा ती गावातल्या, घराभोवतीच्या कुंपणात जास्त. तिथं लाकडी फळ्यांची भिंतच असते. फळीला वारा लागतो, तारेला लागत नाही. पण लाकडी खांब काँक्रीटमध्ये ठेवला की खांब सुकून आकसतो, भोवती फट पडते, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि जमिनीच्या पातळीला खांब कुजतो. त्या दुखण्यावरचं औषध म्हणून फोम विकायला आला.

फोमचं मूळ जर्मनीत. लेव्हरकुसेन इथल्या कारखान्यात ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञानं 1937 मध्ये पॉलियुरेथेन शोधलं. दोन द्रव एकत्र आले की घट्ट पदार्थ तयार होतो. सुरुवातीला त्यात ओल शिरून बुडबुडे यायचे आणि तपासणाऱ्यांनी चेष्टा केली होती की याचं फार तर भोकांचं नकली चीज होईल. ते बुडबुडेच पुढे गादीत, फ्रिजच्या भिंतीत आणि गाडीच्या सीटमध्ये गेले. अमेरिकेत वीज आणि टेलिफोनचे खांब उभे करणाऱ्यांनी तो आधी खड्ड्यात ओतला. डोंगरात काँक्रीटची गाडी जात नाही, तिथं दोन डबे खांद्यावर नेता येतात. नंतर लहान पिशव्या घरगुती कुंपणासाठी दुकानात आल्या. एका पिशवीचं वजन साधारण एक किलो, आणि ती पन्नास पौंडांच्या काँक्रीटच्या दोन पोत्यांचं काम करते असा दावा असतो.

दावा खोटा नाही. पण ज्या कामासाठी तो आहे ते आपलं काम नाही. आपला खांब सिमेंटचा किंवा लोखंडी अँगलचा. तो कुजतच नाही, अँगल फार तर जमिनीलगत गंजतो. म्हणजे फोमचा सगळ्यात मोठा फायदा आपल्याला लागू पडत नाही.

पैशाचा हिशोब बघा. एक एकर चौकोनी वावर धरलं तर घेर साधारण 255 मीटर. दर दहा फुटांवर खांब म्हणजे 85 गड्डे. एक फूट रुंद, दोन फूट खोल गड्ड्यात खांब वजा जाता कच्चं काँक्रीट घातलं तर सात-आठ किलो सिमेंट लागतं, एका पोत्यात सहा गड्डे. गिट्टी-रेती धरून एका गड्ड्याचं सामान दीडशे रुपयांच्या आसपास. अमेरिकेत फोमची एक पिशवी दहा-पंधरा डॉलरला पडते, म्हणजे हजार रुपयांच्या घरात, आणि ती आठ इंची गड्ड्यासाठी असते. आपला एक फुटी गड्डा भरायला दोन लागतील. आणि खरं सांगायचं तर 85 पैकी बहुतेक खांबांना आपण काँक्रीट घालतच नाही, मुरूम कुटतो.

पैसा सोडा, माती बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिलमध्ये भेगेत हात कोपरापर्यंत जातो हे आपण रोज बघतो. ही हालचाल वरच्या कित्येक फुटांत चालते. 1947 मध्ये स्थापन झालेल्या रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीतल्या घरांसाठी बुडाशी फुगवटा असलेले पाइल विकसित केले. ते हलत्या थरातून खाली स्थिर थरात नेतात, खोल काळीत साडेतीन मीटरपर्यंत. बुडाचा फुगवटा वर उचलू देत नाही. आपला खांब दोन फुटांचा. म्हणजे तो पूर्ण हलत्या मातीतच बसलेला आहे. मग भोवती काँक्रीट असो की फोम, दोन्ही मातीसोबत हलणार. काँक्रीटला निदान वजन असतं. फोमला ते नाही, उलट तो गड्ड्याच्या भिंतीला चिकटून बसतो, माती जाईल तिकडे जाणार. थंड देशात जमीन गोठून फुगते आणि खांब वर फेकते, त्याचीच ही आपली बहीण समजा. दहा वर्षं हलणार नाही असं सांगणाऱ्याला मी विचारलं की कुठल्या मातीत तपासलं, तर तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

अजून दोन गोष्टी. ऊन लागलं की फोम तपकिरी होऊन भुसा होतो, म्हणून वर माती झाकलीच पाहिजे. आणि गड्ड्यात पाणी असेल तर मिश्रण बिघडतं, फेस पोकळ होतो. यातला एक द्रव आयसोसायनेट जातीचा असतो. नाव ऐकून भोपाळ आठवेल. तिथला वायू मिथाइल आयसोसायनेट होता, हा तो नाही, पण त्याच कुळातला आहे. हातमोजे घाला, वाफ हुंगू नका, उघड्या हवेतच काम करा.

काळीत मी काय करतो ते सांगतो. दोन-अडीच फुटांवर मुरूम लागत असेल तर सब्बल घेऊन मुरुमात निदान नऊ इंच उतरतो. गड्डा वर रुंद आणि खाली निमुळता कधीच ठेवत नाही, तसा बुंधा फुगणारी माती पाचरीसारखा वर ढकलते. बुडाशी थोडा रुंद, भिंती सरळ. भरताना काळी माती परत टाकत नाही, मुरूम अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर देऊन कुटतो. काँक्रीट फक्त कोपऱ्याला आणि फाटकाला. कोपऱ्याला दोन खांब, मध्ये आडवी पट्टी आणि तिरपी तार.

फोमला जागाच नाही असं मात्र नाही. मुरमाड चढावर, जिथं बैलगाडीही जात नाही आणि पाणी डोक्यावर न्यावं लागतं, तिथं फाटकाच्या दोन-चार खांबांना तो परवडू शकतो. कोणी वापरला असेल तर दोन पावसाळे गेल्यावर खांबाचा फोटो पाठवा, सोबत जमीन कशी आहे आणि गड्डा किती खोल होता तेही लिहा. पहिल्या वर्षाचा फोटो नको, पहिल्या वर्षी सगळेच खांब सरळ असतात.