खर्जाचा प्रवास : ऑर्गनपासून घरच्या ध्वनिक्षेपकापर्यंत

वाद्यांच्या कुळात ऑर्गनइतका खोल खर्ज क्वचितच आढळतो. त्याच्या सोळा फुटी उघड्या नळीतून सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा स्वर निघतो, तर बत्तीस फुटी नळीचा स्वर अवघ्या १६ कंपनांचा असतो. माणसाच्या कानाची मर्यादा साधारणतः २० कंपनांची. त्यामुळे हा स्वर ऐकू येण्यापेक्षा छातीला आणि पायाखालच्या फरशीलाच अधिक जाणवतो.

१५८० च्या सुमारास अकबराच्या दरबारात युरोपातून आलेला एक ऑर्गन पोहोचला. माणसाएवढी पेटी आणि आत बसून ती वाजवणारा फिरंगी, असे त्याचे वर्णन इतिहासकार बदायुनीने केले आहे. त्या काळी आपला वसई-साष्टीचा किनारा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. परंतु नळ्यांचा ऑर्गन अवजड व खर्चिक. खाऱ्या, दमट हवेत त्याचे लाकूड फुगते, चामडे कुजते. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबें यांनी घडवलेली हार्मोनियम पुढे भारतात आली आणि सर्वसामान्य धर्मग्रामांना परवडणारी साथ मिळाली. तिने भक्तिगीते तोलून धरली. तो खोल खर्ज मात्र तिच्या आवाक्याबाहेरच राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेतील नळ्यांच्या ऑर्गनचा गौरव केला, तसेच योग्य अशा इतर वाद्यांनाही द्वार खुले ठेवले.

घरापर्यंतही हा खर्ज सर्वांत उशिरा पोहोचला. आरंभीच्या ध्वनिमुद्रणात कर्ण्यातून आवाज टिपला जाई. त्यात खालचे स्वर जवळजवळ हरवत. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले. १९३५ मध्ये डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये बाखच्या रचना वाजवल्या आणि त्या तबकड्यांवर मुद्रित झाल्या. १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आली. पण खर्जामुळे तिची रेघ फार रुंद होई, म्हणून मुद्रण करताना तो दाबावा लागे व वाजवताना पुन्हा उचलावा लागे. १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ही अडचण दूर केली.

आता अडचण उरली ती खोलीची. भाईंदर वा मीरा रोडच्या दहा-बारा फुटी खोलीत ध्वनिक्षेपक कोपऱ्यात ठेवला की खर्ज वाढतो. मात्र भिंतींवरून परतणाऱ्या लाटांमुळे एका खुर्चीवर तो घुमतो, तर शेजारच्या खुर्चीवर नाहीसा होतो. ध्वनिक्षेपक थोडा पुढे ओढून पाहावा, बैठकीची जागा बदलून पाहावी. खर्ज भिंती सहज ओलांडतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या झोपेचेही भान असावे.

उंबराचे पाणी आणताना घुमटाचा नाद ऐकत वाढलेल्या आपल्या उत्तन-डोंगरीच्या समाजाला खोल स्वराची ओढ नवी नाही. मात्र खर्ज म्हणजे वरातीतला दणका, एवढीच ओळख मुलांना राहिली तर मोठा ठेवा हातचा जाईल. ऑर्गनचा खर्ज गीताला झाकत नाही. तो खाली राहून त्याला आधार देतो. एखाद्या रविवारी सायंकाळी बाखची एक रचना हळू आवाजात लावावी आणि सर्वांत खालचा स्वर कोणता, हे मुलांना शोधू द्यावे.