ध्वनीची हत्यारे आणि त्यांचे खण

कामगार चळवळीतल्या माणसाने संगीताच्या यंत्रसामग्रीवर काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु ध्वनिमुद्रणशाळा हाही एक कारखानाच आहे. तेथे हत्यारे आहेत, ती चालवणारे हात आहेत, आणि हत्यारे कोणत्या क्रमाने मांडावीत हा तंटाही आहे. ज्याने हत्यारखान्याच्या खिडकीशी रांगेत उभे राहून एक पाळी काढली आहे, त्याला हा तंटा क्षुल्लक वाटणार नाही.

आज संगीत जुळवणाऱ्याच्या संगणकात शेकडो ‘प्लग-इन’ असतात. मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायची ही छोटी अवजारे. कोणी आवाजाला घुमारा देतो, कोणी खर्ज आणि तार यांचे प्रमाण बदलतो, कोणी आवाजाचे चढउतार आवरून धरतो. पूर्वी यांतल्या प्रत्येकाला स्वतःची जागा होती, आणि जागा हीच त्याची ओळख होती. १९४७ साली शिकागोत बिल पुटनम यांनी स्टुडिओच्या न्हाणीघरात ध्वनिवर्धक आणि मायक्रोफोन ठेवून घुमारा मिळवला. घुमारा हवा तर न्हाणीघर, इतके ते सरळ होते! १९५७ साली जर्मनीतील ई.एम.टी. कंपनीने पोलादी पत्रा टांगलेली एक चौकट विक्रीस आणली. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण सारी चौकट मिळून वजन २५० किलोंच्या वर. ती एकदा बसवली की पुन्हा हलवण्याची गोष्ट कोणी काढीत नसे. ही सारी यंत्रे एका फळीवर तारांनी आणून सोडलेली असत आणि खुंटीची दोरी एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली की आवाज त्या यंत्रातून फिरून येई. ही फळी दूरध्वनी केंद्रातून आली.

१९८९ साली अमेरिकेतील डिजिडिझाइन कंपनीने संगणकावर ध्वनी संपादनाची ‘साउंड टूल्स’ ही यंत्रणा काढली. नव्वदीच्या आरंभी इस्राएलच्या वेव्हज कंपनीचे ‘क्यू टेन’ बाजारात आले. व्यापारी प्लग-इनांचा तो आरंभ मानतात. १९९६ साली हँबुर्गच्या स्टाइनबर्गने ‘व्ही.एस.टी.’ नावाची जोडणी आणली आणि तिचा आराखडा इतरांनाही खुला केला. मग काय, पूर आला. पुण्याच्या मंडईत पहाटे गाड्या लागाव्यात तशी अवजारे येऊन पडू लागली. विंडोज संगणकावर त्यांना एकच ठरलेला कप्पाही नव्हता. ज्याला जेथे वाटेल तेथे तो आपली पेटी ठेवून जाई.

आता यादी लावायची कशी? ‘प्रो टूल्स’मध्ये ही निवड वापरणाऱ्यावर सोपवली आहे: सपाट यादी, कामाच्या प्रकाराप्रमाणे, उत्पादकाप्रमाणे, किंवा दोन्ही मिळून. माझे मत विचाराल तर उत्पादकाप्रमाणे लावलेली यादी म्हणजे दुकानदाराची यादी. सुतार किकरा शोधताना कंपनी आठवत नाही, लाकडात काय करायचे आहे ते आठवतो.

यात एक खोल अन्यायही आहे. लंडनच्या ॲबी रोडवर ई.एम.आय.च्या स्टुडिओत तंत्रज्ञ पांढरे कोट घालीत आणि सामान हलवणारे तपकिरी. कोटावरून माणसाचा दर्जा कळे. तेथल्या केन टाउनसेंड या पगारी तंत्रज्ञाने १९६६ साली एका गळ्याचे दोन गळे करण्याची युक्ती बसवली, गायकाला तीच ओळ पुन्हा गाण्याचा त्रास वाचावा म्हणून. आज तिचे प्लग-इन मिळते. पण उत्पादकाप्रमाणे यादी लावली की डोळ्यांपुढे कंपनीचे नाव येते, टाउनसेंडचे नाही. काही नामांकित ध्वनिमुद्रकांची नावे अवजारांवर छापली जातात हे खरे. परंतु ती नावे आधीच विकली जाणारी असतात.

कामाप्रमाणे लावण्यातही अडचण आहेच. जे अवजार घुमाराही देते आणि पडसादही, ते कोणत्या खणात ठेवावे? हा प्रश्न ग्रंथालयांना जुना आहे. फळीवर पुस्तकाला एकच जागा मिळते. मद्रासच्या रंगनाथनांनी १९३३ साली ‘कोलन’ वर्गीकरण मांडले ते याच पेचातून: विषयाचे पैलू निराळे करा आणि मध्ये खूण घालून जोडा. २००८ साली आलेल्या तिसऱ्या व्ही.एस.टी.त प्रत्येक अवजाराने आपला वर्ग सांगावयाचा असतो, तो उभी रेघ घालून असाच जोडलेला. त्याच आवृत्तीने ठरलेला कप्पाही दिला. पण वर्ग लिहिणारा उत्पादक, आणि पुष्कळजण नुसते ‘संस्कार’ एवढेच लिहून मोकळे होतात. जन्मदाखल्यावर नुसते ‘मूल’ लिहावे तसे! मग वापरणाऱ्यालाच बसून आपले खण पाडावे लागतात. क्युबेस, लॉजिक, रीपर या सर्वांत तशी सोय आहे, आणि ही मेहनत वाया जात नाही.

मालकी कोणाची, हा प्रश्न २०१८ साली उघडा पडला. स्टाइनबर्गने जुन्या दुसऱ्या व्ही.एस.टी.चे नवे परवाने देणे त्या वर्षी बंद केले. पुढे काही सॉफ्टवेअरांनी जुन्या अवजारांची ओळखच सोडली, आणि वीस वर्षांपूर्वीचे गाणे उघडावे तर संस्कारांच्या जागी रिकामे खण दिसू लागले. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक संस्कार झालेला आवाज वेगळ्या फाइलीत काढून ठेवतात आणि शेजारी मापांची नोंद करतात. २०२२ साली बर्लिनच्या यू-हे व बिटविग या कंपन्यांनी ‘क्लॅप’ ही खुली जोडणी पुढे आणली. ती कोणाच्या परवान्यावर सही न करता वापरता येते, आणि तिच्यात एका अवजाराला अनेक खुणा लावता येतात. मात्र त्या खुणा भरण्याचे काम अजूनही उत्पादकाकडेच आहे.